अठराव्या शतकाचे मंडळ: पुण्यापासून बेलवलीपर्यंत

महाराष्ट्रात इतिहाससंशोधनाची जी मंडळे निघाली ती नावाने भारताची किंवा एखाद्या थोर संशोधकाची. पण कामाने पाहिले तर त्यांतली बहुतेक अठराव्या शतकाचीच. हे कोणी ठरवून केले नाही, कागदांनी ते ठरवले. सतराव्या शतकातले अस्सल मराठी कागद मोजके. अठराव्या शतकात मात्र पेशवे, सरदार, सावकार, वकील आणि गावोगावचे देशपांडे-कुलकर्णी यांनी इतके लिहून ठेवले, की पुढच्या दीडशे वर्षांतल्या संशोधकांना ते नुसते वाचूनही पुरे झालेले नाही. वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो वाईला मिळालेल्या पत्रांचा, आणि ती पत्रे 1750 ते 1761 या काळातली. म्हणजे सुरुवातच पानिपताने झाली.

पाश्चात्त्य देशांत अठराव्या शतकाच्या अभ्यासाला वाहिलेल्या स्वतंत्र विद्वत्सभा आहेत. अमेरिकेतली अशी सभा 1969 मध्ये स्थापन झाली आणि तिच्याशी जोडलेल्या प्रादेशिक सभा आपापल्या भागात वार्षिक बैठका भरवतात. आपल्याकडे हेच काम साठ वर्षे आधी सुरू झाले होते, फक्त त्याला शतकाचे नाव नव्हते. अशी सभा चालते कशी, कशावर अडते आणि कोणाच्या खांद्यावर उभी राहते, हे या लेखात पाहायचे आहे. त्यात बेलवलीचा संबंध कसा आला, तेही ओघाने सांगतो.

7 जुलै 1910 रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. या मेहेंदळे घराण्याकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. पानिपतच्या मोहिमेत, मुख्य लढाईच्या आधीच्या चकमकीत, डिसेंबर 1760 मध्ये बळवंतराव मेहेंदळे पडले. त्यांचे चिरंजीव आप्पा बळवंत. पुण्यात पुस्तके घ्यायला आपण ज्या चौकात जातो तो त्यांच्याच नावाचा. पानिपतावर पडलेल्या सरदाराच्या घराण्यातला माणूस आणि पानिपताची पत्रे छापणारा संशोधक यांनी मिळून हे मंडळ काढले. योगायोग म्हणा, पण अठराव्या शतकाचे कागद ज्यांच्या घरात होते त्यांना बरोबर घेतल्याशिवाय हे काम होणार नाही, हे राजवाड्यांना पक्के ठाऊक होते.

त्याआधी हे काम एकेकट्या माणसांचे किंवा मासिकांचे होते. का. ना. साने, ज. बा. मोडक आणि शं. तु. शाळिग्राम यांनी 1878 मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काढले आणि ते सुमारे दशकभर चालले. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे यांनी 1897 पासून पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापायला घेतली. शास्त्रीबुवा शाळेत संस्कृत शिकवत. 1924 मध्ये ते वारले तेव्हा काम संपलेले नव्हते. पुढचे भाग त्यांच्या मुलाने काढले. साताऱ्याच्या द. ब. पारसनिसांचा ‘इतिहाससंग्रह’ 1908 चा. यातले प्रत्येक काम मोठे आहे, पण प्रत्येकाचे आयुष्य त्या माणसाच्या आयुष्याएवढे किंवा त्याच्या वर्गणीदारांच्या चिकाटीएवढे. मंडळाचा हेतू एवढाच होता, की माणूस गेला तरी काम चालू राहावे.

त्यासाठी मंडळाने जी युक्ती काढली ती दिसायला फार साधी आहे. ती म्हणजे पाक्षिक सभा. दर पंधरवड्याला जमायचे, कोणीतरी सापडलेला कागद वाचायचा, बाकीच्यांनी तो खोडून काढायचा किंवा मान्य करायचा, आणि जे टिकेल ते इतिवृत्तात छापायचे. यात दोन गोष्टी साधतात. निबंध कच्चा असला तरी चालतो, कारण तो छापण्याआधी चार जणांच्या तडाख्यातून जाणार असतो. दुसरे असे, की घरात रुमाल असलेला पण लेखक नसलेला माणूसही सभेत येऊन कागद दाखवू शकतो. लेखनाचा मान एकाला आणि कागदाचा मान दुसऱ्याला, अशी वाटणी त्यात आपोआप होते. मंडळाच्या जुन्या अंकांत अमक्यांच्या दप्तरातून मिळालेले असा उल्लेख सतत येतो तो यामुळेच.

भांडणे झालीच. राजवाड्यांसारख्या स्वभावाचा संस्थापक असल्यावर ती व्हायचीच. पुढे मंडळाशी त्यांचे फाटले. 31 डिसेंबर 1926 रोजी ते वारले ते धुळ्यात. त्यांचा संग्रह तिथेच राहिला आणि 1927 मध्ये धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या उभारणीत भास्कर वामन भट या वकिलांचा मोठा वाटा होता. मला यात दुःख वाटत नाही. पुण्याच्या सभेला खानदेशातल्या माणसाने दर पंधरवड्याला जाणे शक्यच नव्हते. भांडणामुळे का होईना, दुसरे केंद्र निर्माण झाले आणि त्याचे ‘संशोधक’ हे नियतकालिकही निघाले. प्रादेशिक मंडळे शहाणपणाने निघाली असती तर बरे, पण रागाने निघाली तरी त्यांचा उपयोग तेवढाच असतो.

दुसरा मोठा वाद पेशवे दप्तराचा. इनाम कमिशनच्या काळापासून सरकारच्या ताब्यात असलेले हजारो रुमाल पुण्यातच पडून होते आणि संशोधकांना तिथे मोकळा प्रवेश नव्हता. पुढे सरकारने निवड छापायचे ठरवले, ते काम गो. स. सरदेसायांकडे आले आणि 1930 ते 1934 या काळात त्यांनी ‘पेशवे दप्तरा’चे 45 भाग बाहेर काढले. हे काम मंडळाकडे न येता एका व्यक्तीकडे गेले याची खंत पुण्यात बरीच वर्षे होती. आज ते 45 भाग समोर ठेवून बसले की वाटते, एका माणसाच्या देखरेखीखाली चार वर्षांत जे झाले ते समितीला चाळीस वर्षांत झाले असते का, कोण जाणे. पण उलट बाजूही खरी आहे. निवड एकाची, म्हणून जे वगळले तेही एकाच्याच मताने. राजकारण आले, मोहिमा आल्या. भाताचे भाव, पाटाचे पाणी, वेठ आणि गुरांची मोजदाद यांचा क्रम साहजिकच मागे लागला.

मंडळ रोज उघडत होते ते मात्र वेगळ्याच माणसांमुळे. दत्तो वामन पोतदार अनेक वर्षे चिटणीस होते. त्यांच्या विद्वत्तेच्या मानाने त्यांनी लिहिले थोडे, असे त्यांच्याबद्दल नेहमी म्हटले जाते; सरकारने सोपवलेले शिवचरित्र त्यांच्या हातून पुरे झाले नाही. मला या आक्षेपाचे उत्तर मंडळाच्या पत्रव्यवहारात दिसते. चिटणिसाने लिहायचे ते दुसऱ्यांना. आभाराची पत्रे, वर्गणीची स्मरणपत्रे, दप्तर देतो म्हणून न देणाऱ्या इनामदाराला तिसऱ्यांदा विनंती. ही पाने कोणाच्या ग्रंथसूचीत येत नाहीत. दुसरे ग. ह. खरे. ते मंडळात जवळजवळ अर्धशतक बसले. फारसी कागद वाचले, ताम्रपट वाचले, नाणी लावली आणि ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तक लिहून नवख्यांना हाताशी धरले. अशी दोन माणसे असली की संस्था चालते. नसली की घटना, नियम आणि कार्यकारिणी असूनही चालत नाही. आणि भांडारकर संस्थेवर 5 जानेवारी 2004 रोजी आला तसा दिवस येतो, जमाव आत शिरतो, कपाटे फुटतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी खाली बसून पाने गोळा करणारीही अशीच माणसे लागतात.

आता बेलवली. बदलापूर स्थानकाच्या पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाने हे गाव आहे. आता गाव म्हणायचे ते सवयीने. इमारतींच्या मध्ये उरलेली जुनी घरे शोधावी लागतात. इथे आम्ही सात-आठ जण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमतो. नोंदणी नाही, फलक नाही, वर्गणी म्हणजे चहाचे पैसे. पुण्याच्या पाक्षिक सभेची ही फार धाकटी नक्कल. पंधरवडा जमेना म्हणून महिना केला. पहिल्या सभेला बावीस जण आले होते, तिसऱ्या सभेला पाच. मोडी शिकायचे म्हटले की उत्साह फार असतो आणि ‘र’ ला जोडून आलेले अक्षर ओळखता येईना की तो ओसरतो.

लोकांना सगळ्यांत जास्त उत्सुकता बदलापूर या नावाची. इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असे येथे प्रत्येक जण सांगतो. आमची पहिली खडाजंगी यावरूनच झाली. मी एवढेच म्हणालो, की अठराव्या शतकातली पत्रे नेत ते जासूद, बहुधा जोडीने आणि पायी. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, तो गावात ठेवून दुसरा घेऊन जायचा नाही. बारगिराचा घोडा सरकारी, पण तो पागेत बांधलेला असायचा. मग घोडे बदलायचे ठाणे कोणी आणि कशासाठी ठेवले? त्याच्या खर्चाची एक तरी नोंद दाखवा, मग मानू. एक गृहस्थ रागावून म्हणाले, “सर, तुम्ही आमच्या गावाचं नावच काढून घेताय.” ते नंतर सहा महिने आले नाहीत. मग आले, ते कल्याण प्रांताच्या गावांच्या नावांची स्वतः केलेली यादी घेऊन. यादीने प्रश्न सुटला नाही. पण तो माणूस आता आमच्यातला सगळ्यांत काटेकोर वाचक आहे.

या पट्ट्यातले अठरावे शतक काही लहान नाही. मार्च 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांपुढे वसई पडली. कल्याणच्या सुभ्यावर रामाजी महादेव बिवलकर होते. 1755 मध्ये तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी करार झाला तो त्यांच्याच मार्फत. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले. 1780 मध्ये कल्याण त्यांच्या हाती गेले, आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या मलंगगडाला वेढा पडला, वर्षाअखेर दुगाडला रामचंद्र गणेश पडले. पुढच्या वर्षी गॉडर्ड बोरघाटापर्यंत पोचला आणि हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याला पनवेलपर्यंत मारत परत नेले. 17 मे 1782 च्या सालबाईच्या तहाने ते युद्ध संपले. परशुरामभाऊंच्या बाजूची पत्रे खरेशास्त्र्यांच्या खंडांत आहेत. म्हणजे बेलवलीच्या परिसराचा इतिहास मिरजेत छापला गेला.

उल्हासनगरहून येणारे आमचे एक ज्येष्ठ सभासद सिंधी आहेत. वसईची गोष्ट चालली असताना त्यांनी शांतपणे विचारले, “1739 म्हणजे नादिरशहाने दिल्ली लुटली तेच साल ना?” तेच. त्याच स्वारीच्या मागोमाग नादिरशहा सिंधवर उतरला आणि कल्होड्यांना त्याने नमवले. शाह अब्दुल लतीफ तेव्हा हयात होते. 1752 मध्ये ते वारले. 1783 मध्ये कल्होडे जाऊन तालपूर आले. 1949 मध्ये कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले तेव्हा आलेल्या माणसांनी हे अठरावे शतक बरोबर आणले होते आणि आम्ही शेजारी राहून त्यांना त्याबद्दल कधी विचारले नव्हते. प्रादेशिक मंडळात प्रदेश म्हणजे नेमके काय, हा प्रश्न पुण्यातल्या वाड्यात असा उभा राहिला नसता.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मनात होता ती सांगतो. 2019 च्या जून महिन्यात आमच्या सभेला येणाऱ्या एका मुलाने सांगितले, की त्याच्या आजीच्या माहेरी, नदीकडच्या जुन्या घरात, लाल फडक्यात बांधलेले कागद आहेत. आजी स्वतः बोलल्या. “मास्तर, घर पाडायचंय दिवाळीनंतर. कागद न्या, नायतर पोरं गंगेत सोडतील.” मी म्हणालो, आजी, आमची जुलैची सभा होऊ दे, दोन मोडी वाचणारे बरोबर घेऊन श्रावणात येतो. यात हलगर्जीपणा नव्हता असे मी स्वतःला बरेच दिवस सांगितले. एकट्याने कागद उचलून आणू नयेत, दोन साक्षीदारांसमोर पाने मोजावीत, पावती द्यावी, हा नियम आम्हीच केला होता आणि तो योग्यच आहे. अशी पावती न देता नेलेल्या आणि परत न केलेल्या दप्तरांमुळे महाराष्ट्रात किती घरांची दारे संशोधकांना बंद झाली, हे या क्षेत्रातल्या कोणालाही ठाऊक आहे.

26 जुलैच्या रात्री पाऊस सुरू झाला. 27 तारखेला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, ते देशभर दिसले. त्याच पाण्याने ते घर कमरेपर्यंत भरले. चार दिवसांनी मी पोचलो तेव्हा आजींनी कागद उन्हात ठेवले होते. चुकीचे होते, पण त्यांना कोणी सांगणार? हातकागद ओला असताना पान पान अलग करून सावलीत, टिपकागदात वाळवावा लागतो. गठ्ठाच्या गठ्ठा वाळला की त्याची वीट होते. तशी वीट माझ्या हातात आली. कडेने मोजली तर शंभरावर पाने असावीत. आजी एवढेच म्हणाल्या, “तुम्ही येनार होता म्हनून ठेवले होते.”

पुढच्या दोन वर्षांत जाणकारांच्या सल्ल्याने त्या विटेतून तीन पाने सुटी झाली. बाकीची सुटतील असे वाटत नाही. तीनपैकी दोन पानांवर नुसते आकडे. तिसऱ्यावर नव्या भाताचा खंडी-मणांचा हिशेब आहे आणि वर तारीख आहे: छ 9 जिलकाद. साल नाही.

अठराव्या शतकाचे कागद वाचणाऱ्याला ही नेहमीची अडचण. पूर्ण कालोल्लेख असला तर सुहूर सन अरबी शब्दांत येतो. इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून 1161. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची. ती याच सालात पडते. पण रोजच्या व्यवहारात लिहिणाऱ्याला साल माहीतच असे, म्हणून तो नुसता चंद्र आणि महिना लिहून मोकळा होई. मुसलमानी महिना दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. म्हणून ऋतू कळला तर सालाचा अंदाज बांधता येतो.

आमच्या पानावर नवे भात आहे. म्हणजे झोडणी झालेली, कार्तिक-मार्गशीर्षाचे दिवस. जिलकाद महिना या दिवसांत कधी येत होता? गणित आम्ही सभेत फळ्यावर केले. एकदा 1744 ते 1747 च्या सुमारास, एकदा 1776 ते 1780 मध्ये, आणि मग थेट 1809 ते 1812 च्या आसपास. मधला पर्याय धरला तर 9 जिलकाद 1776 मध्ये 20 डिसेंबरच्या आसपास येतो आणि 1780 मध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. हे शेवटचे साल असेल तर कल्याण तेव्हा इंग्रजांकडे होते. मग हे भात कोण मोजत होते आणि कोणासाठी? पेशव्यांच्या कमाविसदाराचा माणूस, इंग्रजी पलटणीला धान्य पुरवणारा, की दोघांच्या मध्ये सापडलेला खोत? पहिले साल असेल तर वसईनंतरची शांत वर्षे आहेत आणि कागद साध्या वसुलीचा आहे. तिसरे असेल तर दुसऱ्या बाजीरावाचा मक्तेदारीचा काळ. एका आकड्याने गोष्ट पूर्ण बदलते, आणि तो आकडा बहुधा त्याच विटेत आहे.

वळणावरून काही सांगता येते का ते पाहण्यासाठी पानाचे छायाचित्र घेऊन मी दोनदा पुण्याला जाऊन आलो. वळण पाहणाऱ्यांनी पहिला पर्याय बाजूला ठेवायला सांगितले. उरलेल्या दोनांत मतभेद आहेत. आमच्या यादीवाल्या गृहस्थांचे म्हणणे असे, की भाताचे माप नीट वाचले तर तेच बोलेल, कारण गावागावांतली पायली वेगळी असे. ते सध्या छापील साधनांतून कल्याण प्रांतातल्या मापांच्या नोंदी वेचत आहेत.

आजींना मी पावती दिली आहे: लाल फडके एक, सुटी पाने तीन, न सुटलेला गठ्ठा एक. त्यांनी ती देवघरात ठेवली आहे. आमचा नियमही आम्ही बदलला. पावसाळ्यापूर्वी कळलेला कागद त्याच आठवड्यात जाऊन पाहायचा, मोडी वाचणारा असो वा नसो. छायाचित्र काढायचे, उंचावर ठेवायचा, मग सभा. गेल्या जूनमध्ये वांगणीकडून असाच निरोप आला. मी आणि तो नातू दुसऱ्याच दिवशी गेलो. पत्र्याच्या पेटीत 1870 नंतरची कर्जरोख्यांची चळत निघाली, अठराव्या शतकाचे एक पानही नव्हते. तरी मोजली, पावती लिहिली आणि पेटी माळ्यावर चढवून आलो.